विहिरीतली घुबडं आणि धुक्याचा नकाशा

आम्ही काही जण वर्धा जिल्ह्यातली घुबडांची घरटी शोधून नोंदवतो. कुणी शेती करतं, कुणी दुकान चालवतं, मी शाळेत भूगोल शिकवते. पगार कुणालाच नाही. दिवस मावळताना शेताच्या कडेला उभं राहायचं. पांढरं काहीतरी अजिबात आवाज न करता डोक्यावरून जातं, ते कुठून निघालं हे पाहायचं. अशा वेळी आपण पुरते जागे आहोत का, असा प्रश्न मला अजूनही पडतो.

सुरुवातीला नोंदी इंटरनेटवरच्या एका साध्या तक्त्यात होत्या. लिंक असेल त्याला सगळं उघडं: गाव, झाड, विहीर. ती लिंक फिरत फिरत कुठे गेली, कळलं नाही. एका हिवाळ्यात देवळीजवळच्या चिंचेच्या ढोलीतली पिल्लं नाहीशी झाली. जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकणारे असतात, हे आम्ही ऐकून होतो. झाडाखाली पिसं पडली होती आणि मऊ मातीत शिडीच्या पायांचे खड्डे होते. आम्ही तक्ता बंद केला.

मग नोंदी ठेवायच्या कुठे? नागपूरच्या एका कंपनीने सांगितलेला खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. आमच्यातला एक जण कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. तो म्हणाला, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फक्त सर्व्हरवर थोडी जागा भाड्याने घ्यावी लागेल, वर्गणीत भागेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने सगळं उभं केलं. प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड, वर फोनवर येणारा कोड. नोंद एकदा पाठवली की पाठवणाऱ्यालाही ती उघडत नाही. नेमकी जागा आमच्यातल्या दोघांनाच दिसते. बाकी सगळ्यांना, मलाही, नकाशावर नुसतं फिकट धुकं दिसतं; घरटी जास्त तिथे ते दाट. पहिल्यांदा तो नकाशा पाहिला आणि कितीतरी वेळ मी त्यात हरवून गेले. आपलाच जिल्हा, पण झोपेत पाहिल्यासारखा.

जाम गावाजवळ हायवेवर चहाची टपरी चालवणारी एक बाई त्याच सुमारास आमच्यात आली. तिच्या दिराच्या शेतातल्या पडीक विहिरीत घुबडांची जोडी राहत होती. विहिरीपाशी रेंज नसे. ती तिथेच नोंद भरायची, नोंद फोनमध्ये थांबून राहायची आणि ती टपरीवर पोचली की आपोआप निघून जायची.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी तिच्या टपरीवर एक अनोळखी माणूस आला. चहा पीत त्याने इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाला, तुम्ही घुबडांचं काम करता ना, कुठे कुठे आहेत ते दाखवा, तुम्हाला खूश करतो. तिने आपण होऊन फोन उघडून त्याच्या हातात दिला. त्यात एक कोरा फॉर्म आणि ते धुकं, एवढंच. त्याने बोटाने नकाशा मोठा करून पाहिला. धुकंच मोठं झालं.

"मी फक्त भरून देतो जी," ती म्हणाली. "मंग ते मलेबी दिसत नाई."

मग त्याने तिच्याच गावाबद्दल विचारलं. इथे फोन दाखवून भागणार नव्हतं. तिने सांगितलं, आमच्याकडचं जोडपं पावसाळ्यातच उडून गेलं. खरं तर त्याच सकाळी ती त्यांना पाहून आली होती. तो चहा संपवून गेला.

त्यानंतर तिने मला फोन केला. आवाज शांत होता. "खोटं बोलतानी भेव वाटून राह्यलं होतं, ताई. पण फोन देतानी नाई वाटलं."

आम्ही वनखात्याला कळवलं, कॉलेजातल्या मित्राने लगेच तिचा पासवर्ड बदलला. तिच्या घरचे बरेच दिवस विहिरीवर लक्ष ठेवून होते. कुणी आलं नाही.

हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले. कापूस फुटलेला, ऊन उतरलेलं. आम्ही विहिरीपासून थोडं दूर बांधावर बसलो. आतून घोरल्यासारखा आवाज येत होता. ती हसून म्हणाली, पिल्लं भुकेजली. मग विहिरीतून एक पांढरा चेहरा वर आला, क्षणभर आमच्याकडे वळला आणि कपाशीवरून तरंगत गेला. ती फोन काढून नोंद भरू लागली, आणि मी डोळे मिटून त्या घोरण्याकडे कान लावून बसले.