मी डिलीट केलेले तीन मेल

रविवारी जेसल पार्कात आमच्या ग्रुपचा पहिला कट्टा झाला. फोटो टाक, फोटो टाक म्हणून सगळे मागे लागलात... फोटो नाहीयेत. कॅमेरा पर्समधून बाहेरच निघाला नाही.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं. तीन वर्षांपूर्वी दादर सोडून मीरा रोडला आले तेव्हा इथे माझ्याशी मराठीत दोन शब्द बोलायला कोणी नव्हतं. खाली भाजीवाल्याशी हिंदी, शेजारी गुजराती... आणि मला तर कथा लिहायचं खूळ! मग हाटकेशच्या सायबर कॅफेत बसून हा ईमेल ग्रुप काढला. पहिले चार महिने आम्ही तिघंच होतो, त्यातली एक माझी सख्खी बहीण.

पण मी पडले हट्टी. एकेक माणूस जोडत गेले. नियम एकच ठेवला, इथे कोणाचंही लिखाण उत्तराशिवाय राहणार नाही. कच्चं असो, फसलेलं असो, पहिलं उत्तर माझं. आमचे हे चिडवायचे, "लग्नात गुलाबपाणी शिंपडायला दारात उभं करतात ना, तशी झालीयेस तू." मी हसायचे. खरं सांगू? आतून मिरवायचेही.

तर रविवारी अकरा जण जमलो. बटाटेवडे, थर्मासमधला चहा, गप्पा मस्त रंगल्या होत्या. एक वयस्कर गृहस्थ येऊन बाकाच्या टोकाला बसले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर प्लास्टिकची फाइल. मला वाटलं, बाग सगळ्यांचीच, बसले असतील.

थोड्या वेळाने ते उठून माझ्याजवळ आले. "मॅडम, मी सावंत. इथेच मागच्या बिल्डिंगमध्ये राहतो. ग्रुपवर कट्ट्याचं वाचलं. तुमची माफी मागायला आलोय."

आता हे कोण, आणि माफी कसली? त्यांनी फाइलमधून तीन छापील लेख काढले. म्हणाले, हे तुम्हाला एकेक करून पाठवले होते. ऑफिसची सवय, प्रत्येकाची एक कॉपी ठेवतो.

मला काही आठवेना. मग त्यांनी आपला मेलचा पत्ता सांगितला. तो मात्र मी लगेच ओळखला...

ग्रुपचं पान नेटवर कोणीही वाचू शकतं, पण नवीन माणसाचा पहिला मेल आधी माझ्याकडे येतो, मी हो म्हटलं की सगळ्यांना जातो. त्या पत्त्यावरून आलेले मेल मी पाहिले होते. नुसता इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि चिन्हांचा चिवडा. कचरा समजून डिलीट केले. तिसऱ्यांदा आला तेव्हा वैतागून पत्ताच ब्लॉक करून टाकला.

सावंतकाका सरकारी ऑफिसात तीस वर्षं मराठी टायपिस्ट होते. हात बसलाय तो तिथल्या जुन्या फॉन्टवर. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल, तिथे असाच चिवडा दिसतो. आणि हे मला माहीत होतं हो! सुरुवातीला माझ्या बहिणीचेच मेल असे यायचे. फॉन्ट बदलून बघायला दोन मिनिटं लागली असती... पण नाही बघितलं.

लेख मुळात काकूंचे. दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या दापोलीकडच्या माहेरच्या आठवणी सांगायच्या, काका कागदावर उतरवायचे आणि कॅफेत जाऊन टाइप करायचे. आपल्या ग्रुपवरच्या कथांचे प्रिंट काढून ते काकूंना वाचून दाखवायचे. इथे प्रत्येकाला उत्तर मिळतं हे ऐकूनच काकू म्हणाल्या होत्या, आपलंही पाठवू या.

पाठवल्यावर रोज विचारायच्या, "आलं का काय?"

"काय सांगणार?" काका म्हणाले. "सांगितलं, आलं. मॅडमना आवडलं. तुमच्या नावाने मीच बनवून सांगितलं. न विचारता नाव वापरलं, ते मनाला खात होतं. ती गेल्या महिन्यात गेली... म्हटलं, आता तरी जाऊन कबूल करावं."

माफी ते मागत होते. माझी! मी तिथेच बाकावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. डिलीट केलं ते सांगितलं, ब्लॉक केलं तेही सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "अस्सं होय... मला वाटलं, लिखाण पसंत पडलं नाही." चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी धीर करून विचारलं, काका, माझ्या नावाने काय सांगितलंत त्यांना?

"सांगितलं, मॅडम विचारतायत, त्या विहिरीवरच्या मैत्रिणीचं पुढे काय झालं? मग काय, दोन दिवस सांगतच होती. कूस वळवताना कण्हायची, पण सांगायची थांबेना. त्याचा दुसरा लेख झाला. त्यावर तुम्ही परत विचारलंत, म्हणून तिसरा."

तिन्ही लेख मी नव्याने टाइप करून आज ग्रुपवर टाकलेत, काकूंच्या नावाने. वाचा आणि मनापासून लिहा, काका प्रिंट काढून नेणार आहेत. फार उशीर झालाय, माहीत आहे मला.

तीन वर्षांत ढिगाने उत्तरं लिहिली मी. पण माझ्या नावावर जे सगळ्यात चांगलं उत्तर आहे ना... ते मी लिहिलेलंच नाही.