दत्तोबाची सुरगाठ

“ओढा! अहो, जोर लावून ओढा!” सव्वीस जानेवारीच्या सकाळी कंपनीच्या आवारात मोठे साहेब ओरडत होते, प्रमुख पाहुणे दोरीला लोंबकळत होते आणि झेंडा वर गाठोडं होऊन बसला होता. सगळी शिफ्ट माना वर करून उभी. पाकळ्या आता पडतील, मग पडतील… एक पडेल तर शपथ! दत्तोबाला जाऊन सहा आठवडे झाले होते. इतकी वर्षं ती गाठ तोच बांधायचा. या वेळी कुणा शिकल्यासवरल्यानं बांधली आणि सुरगाठीची निरगाठ झाली.

दत्तोबा आमच्या गेटवरचा वॉचमन, माझा चाकणच्या शाळेपासूनचा सोबती. मी त्याच कंपनीत स्टोअरला. कंपनी उभी आहे ती जमीन त्याची. त्याच्या रानातला कांदा इकडं चिरला की तिकडं राजगुरुनगरात लोक डोळे पुसायचे, आणि विहिरीचं पाणी इतकं गोड, की त्या पाण्याच्या चहात कुणी साखर मागितली तर दत्तोबा अपमान समजायचा. शपथेवर सांगतो, फक्त कोर्टात नेऊ नका. मग नोटीस आली. मोजणीचा साहेब म्हणाला, देशासाठी आहे. दत्तोबानं त्याला पोटभर जेवू घातलं. पुढं विहीर बुजवली आणि नेमक्या तिच्यावरच झेंड्याचा खांब रोवला. एवढ्या रानात दुसरी जागा म्हणून सापडली नाही. नव्या सुरक्षा अधिकाऱ्यानं एकदा त्याला आत जाताना अडवलं, “किधर जाना है?” दत्तोबा म्हणाला, “हिरीवर.” तो बिचारा आठवडाभर कंपनीच्या नकाशात विहीर शोधत होता.

वर्षभर तो देशाला शिव्या घालायचा. अशा, की कॅंटीनमधलं दूध नासावं. पण दुसऱ्या कुणी री ओढली की संपलं. मी एकदा म्हणालो, कसला देश घेऊन बसलास, तर आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, “मागितली असती तर दिली असती रं. कुनी इचारलंच न्हाई.”

आणि सव्वीस जानेवारी आली की हाच माणूस पहाटे येऊन खांबाचा ओटा धुवायचा, झेंड्यात झेंडूच्या पाकळ्या भरायचा आणि दावणीला बैल बांधायची ती सुरगाठ मारायचा. पाहुण्यांनी नुसतं बोट लावलं तरी सुटावी अशी. टाळ्या पाहुण्यांना, दत्तोबा शेवटच्या रांगेत, सलाम ठोकून, डोळ्यांना धार. त्याला एकदाच ती दोरी स्वतः ओढायची होती. दर वर्षी विचारायचा, दर वर्षी पाहुणे आधीच ठरलेले असायचे. गेल्या खेपेला साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की तुम्हीच. त्यानं पांढरा सदरा-पायजमा शिवला आणि दर रविवारी त्याला इस्त्री करत बसला… डिसेंबरात छातीत कळ आली. शोकसभेत आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. मी घड्याळ बघितलं, सव्वा मिनिट.

म्हणून त्या सकाळी झेंडा अडकला तेव्हा मला आतून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू? आणि लगेच माझीच मला लाज वाटली. झेंडा काय साहेबांचा होता? शेवटी शिडी लावून गाठ सुरीनं कापली. पाकळ्या ढेकळासारख्या एकदम खाली आल्या.

संध्याकाळी दत्तोबाच्या घरी गेलो. खुंटीला तो पांढरा सदरा, इस्त्री न मोडलेला. पारूवहिनी तांदूळ निवडत होत्या. मी तिखटमीठ लावून सगळं सांगितलं, पाहुणे दोरीसकट वीस फूट वर गेले इथपर्यंत. त्या हसल्या नाहीत. मग मीच म्हणालो, “वहिनी, दत्तोबा गेला आणि ती गाठही घेऊन गेला बघा.”

त्यांनी सुपातून एक खडा काढून बाजूला टाकला.

“मला येती. कुनी इचारलं न्हाई.”