सासऱ्याला पटेल एवढा मासा

सांगतो, सांगतो. पण चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण हसताना तुमच्या अंगावर सांडला तर त्याचा दोष पुन्हा माझ्याच माथी येईल. आणि ही गोष्ट माझ्या बायकोसमोर काढू नका. तिला ती तोंडपाठ आहे आणि ती माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगते.

तर, माझी सासुरवाडी दौंडची. सासरे रेल्वेतून रिटायर झालेले. मी त्यांना मामा म्हणतो. मामांना जगात दोनच गोष्टी मनापासून आवडतात. एक विहारातलं ग्रंथवाचन आणि दुसरं म्हणजे भीमेच्या काठावर गळ टाकून बसणं. वेळूची जुनी काठी, कणकेच्या गोळ्या, डोक्याला उपरणं. बसले की बसले! नदीवर जाताना ते थोरल्या जावयाला, म्हणजे माझ्या साडूला, हमखास सोबत नेत. मला मात्र कधीच नाही.

का? तर लग्नानंतर पहिल्यांदा गेलो, तेव्हा मामा तास न् तास उन्हात बसून दोन चिलापी घेऊन आले, आणि मी शहाण्यासारखं विचारलं, "मामा, बाजारात मिळत न्हाईत का हो मासे?"

साडू खाली मान घालून हसले. त्या दिवसापासून मी मामांच्या लेखी 'जावईबापू, जेवून घ्या' एवढ्याच कामाचा उरलो. मला मात्र एकच आस लागून राहिली होती. मामांनी एकदा, फक्त एकदा, आपणहून म्हणावं, चला नदीवर.

आणि संधी आली! मामांच्या काठीला भुंगा लागला आणि ती मधूनच मोडली. बायकोनं, सुजातानं, मला हे सांगितलं मात्र, मी मनाशी ठरवलं की मामांना अशी काठी द्यायची की साडूनं बघत राहावं!

मग काय विचारता! सणसवाडीच्या आमच्या खोलीत रोज रात्री मोबाइलवर काठ्यांचे व्हिडिओ. काठी लांब हवी की आखूड? टोक नरम हवं की ताठ? वाहत्या पाण्यात काय, संथ पाण्यात काय? मिशांचा, तळाशी चरणारा मासा लागला तर तो खाली दडी मारतो, म्हणून काठीचा बुंधा दणकट पाहिजे. कंपनीत मी क्वालिटीला आहे, पण एवढं बारीक इन्स्पेक्शन मी पगारासाठीसुद्धा कधी केलं नव्हतं.

ह्याच व्हिडिओंच्या धुंदीत एकदा सुजाताचा माहेरून फोन आला. ती बरंच काही सांगत होती. पौर्णिमा, विहार, मामा, कमिटी, रविवारी या, येताना घेऊन या... मी फोन स्पीकरवर टाकून पडद्यावर एका माणसाला केवढा तरी मासा ओढताना बघत होतो. मी म्हणालो, "हो हो."

"नक्की ना?"

"हो हो!"

"इसरू नका बरं का. आमच्या बाबांनी शब्द दिलाय."

"अगं हो हो!"

इथं लक्षात ठेवा. माझ्या आयुष्याचं जे काही वाटोळं झालं, ते ह्या 'हो हो'नंच झालं.

शिरूरला एका दुकानात जाळी, दोरे, गळ असलं सामान मिळतं. दुकानदारानं विचारलं, "कुठला मासा धरायचाय?"

"मोठा."

"मोठा म्हंजी? कटला? शिंगाळा?"

"सासऱ्याला पटेल एवढा."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. बहुतेक त्याचंही लग्न झालं असावं, कारण त्यानं मुकाट्यानं आतली काठी काढली. काळी, चकचकीत, एकात एक सरकणारी. मी ती पुरी उघडली, ऐटीत झटकली, आणि शेजारी जाळं बघत असलेल्या एका आबांची टोपी अलगद वर गेली.

"आरं! जित्ता माणूस हाय हितं!" आबा ओरडले.

मी माफी मागितली, टोपी काढून दिली आणि लाजेनं घासाघीस न करता काठी घेतली. सोबत फिरकी, गळांची डबी, टोकाला लावायची छोटी घंटी, आणि दुकानदाराच्या आग्रहावरून बरणीभर जिवंत गांडुळं. सगळं एका लांबलचक कव्हरमध्ये बसलं. वर एक झिप.

रविवारी दौंडला पोहोचलो, तर घराला कुलूप. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "समदी विहारात गेल्यात. तुमचीच वाट बघत्यात जणू."

माझी वाट? मी तर हवेतच! म्हटलं, सुजाताच्या पोटात काही राहत नाही. काठीचं गुपित फोडलं वाटतं.

विहारात पाऊल टाकलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पुढं भन्तेजी बसलेले. आणि दारातच मामा! त्यांनी माझ्या हातातलं लांब कव्हर पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी तो आजही विसरलेलो नाही.

"जय भीम, जय भीम! आले आमचे धाकटे जावई!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हणलं नव्हतं, आणत्याल म्हणून?"

विहार कमिटीचे अध्यक्ष आप्पा पुढं आले. त्यांनी कव्हर हातात घेऊन तोललं. "लय हलकं लागतंय की वं."

"कार्बनचं हाय आप्पा. कितीबी ओढ लागू द्या, वाकंल, पण मोडणार न्हाई."

"वाऱ्यानं?"

"वाऱ्याचं काय घेऊन बसलात? पुरात बी चालंल!"

"आन् उंची?"

"पाहिजे तेवढी. एकात एक सरकतं. वर घंटी बी हाय."

"घंटी?" आप्पा मामांकडं वळले. "तुमचं जावई तर लईच पुढचा इचार करत्यात!"

मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा! साडू कोपऱ्यात उभे होते. मी त्यांच्याकडं बघून जरासा हसलोही. त्या हसण्याची आठवण आली की मला आजही घाम फुटतो.

मग वंदना झाली. पंचशील झालं. पहिलंच शील कुठलं, ते मी बौद्ध घरातला असून मला सांगायला नको. कुठल्याही जिवाची हिंसा करणार नाही. मी हात जोडून, डोळे मिटून, मोठ्यानं म्हटलं. मांडीवरच्या कव्हरात गळांची डबी होती, बरणीत गांडुळं वळवळत होती, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नाही. पावसाळ्यातला वर्षावास चालू आहे, मामांनी ह्या तीन महिन्यांत मासा-मटण सोडलंय, सगळं मला ठाऊक होतं हो. पण ठाऊक असणं आणि डोक्यात असणं ह्यात फरक आहे.

आप्पांनी माइक घेतला. "आपल्या पंचशील ध्वजाचा पाइप मागल्या वादळात वाकला, हे समद्यांना माहीत हाय. आज पौर्णिमेला नव्या पाइपावर ध्वज चढवायचा. त्यो पाइप कंपनीतून खास करून आणलाय, आपल्या ग्रंथवाचकांच्या धाकट्या जावयांनी!"

टाळ्या. कडाडून टाळ्या.

आणि मला फोनवरचं सगळं बोलणं एकदम ऐकू आलं. पौर्णिमा, विहार, कमिटी, येताना पाइप घेऊन या, मामांनी शब्द दिलाय. हो हो. हो हो!

"आप्पा, थांबा जरा..." म्हणेपर्यंत आप्पांनी माझ्याकडचं कव्हर घेऊन झिप ओढली होती. काठी सरसर लांबली. टोकाची घंटी किणकिणली. गळांची डबी फरशीवर पडून उघडली, आणि बरणी गडगडत गडगडत थेट भन्तेजींच्या आसनापाशी जाऊन थांबली.

मागून एक आजी म्हणाल्या, "आगं बया! ही तर मासं धरायची काठी!"

भन्तेजींनी बरणी उचलली. आतल्या हालचालीकडं शांतपणे पाहिलं. मग मला विचारलं, "उपासक, हे कुणासाठी?"

आता माणसानं अशा वेळी काय म्हणावं? माझी चूक झाली, असं म्हणावं. एवढंच! आणि मी काय म्हणालो?

"मामांसाठी."

सगळ्या माना मामांकडं वळल्या. पांढरा सदरा घातलेले, पुढ्यात ग्रंथ घेऊन बसलेले मामा. ज्यांनी भर सभेत माझ्या नावानं शब्द दिला होता, त्यांनाच मी भर वर्षावासात मासेमारीची काठी मागवणारा माणूस करून टाकलं. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, पदरानं तोंड पुसत राहिल्या. सुजातानं माझ्याकडं पाहिलंही नाही. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना? मी तर फरशीची भेगसुद्धा शोधून पाहिली.

मामा उठले. "भन्ते, चूक माझी हाय. निरोप लेकीकडून धाडला, मी सोता बोललो न्हाई त्यांच्याशी." बस, एवढंच. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

भन्तेजी हसले आणि बरणी माझ्या हातात दिली. "ज्यांना आणलंत, त्यांना मोकळं करा."

मग विहारामागच्या पिंपळाखाली मी उकिडवा बसून एकेक गांडूळ मातीत सोडत होतो आणि अख्खी वस्ती बघत होती. तेवढ्यात साडू पाइप घेऊन हजर! कुठून आणला, कुणास ठाऊक. तो माणूस कुठूनही काहीही आणतो. ध्वज दिमाखात वर गेला. मी मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात मी कंपनीतून रीतसर पाइप नेऊन दिला. मामींनी तो अंगणात कपडे वाळत घालायला बांधला. काठी माळ्यावर गेली. मामांचं 'जावईबापू, जेवून घ्या' सुद्धा बंद झालं.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. खुद्द मामा! "पाव्हणं, ह्या रविवारी या. नदीवर जाऊ."

मी रजा टाकली नाही, रविवारच होता. नाहीतर नोकरीच सोडली असती!

नदीवर गेलो. मामांनी माळ्यावरची काठी आणली होती. काय सांगू तुम्हाला, मन भरून आलं! मामा कडेला बसून मला समजावत होते. पाणी कुठं वळतं, मासा कुठं चरतो, आणखी बरंच काही. काठी काठावर रोवलेली, आणि मी तिच्या टोकाच्या घंटीकडं डोळे लावून उभा होतो. आत्ता वाजंल, मग वाजंल.

"ऐकताय नव्हं?" मामा म्हणाले.

"हो हो," मी म्हणालो, आणि घंटी जवळून बघायला एक पाऊल पुढं टाकलं.

मामा सांगत होते, तिथं शेवाळ हाय, पुढं जाऊ नका.

मी थेट छातीभर पाण्यात, आणि पाय खाली गाळात रुतलेले. बाहेर यायची धडपड करावी तसा आणखी खाली! मामांनी चटकन दोरा तोडला आणि काठीचा बुंधा माझ्यापुढं केला. मी तो दोन्ही हातांनी धरला. मामा मागं रेलून ओढू लागले. काठी कमानीसारखी वाकली, करकरली, पण मोडली नाही. मी चिखलानं माखून फरफटत काठावर आलो.

पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाळी दिली, "आवं, काय घावलं एवढं मोठं?"

मामांनी काठी पुसली, तिच्याकडं कौतुकानं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"धाकटा जावई!" ते ओरडले. "खाता बी येत न्हाई आन् सोडता बी येत न्हाई!"