पाठीवरचं चाक

निफाडात सायकल पंक्चर झाली, की निवृत्तीच्या दुकानाची पायरी चढावीच लागे. धोंडीराम गुरुजी अठरा वर्षं चढत होता. निवृत्ती ट्यूब पाण्यात बुडवी, गुरुजी शाळेतल्या गमती सांगत बसे. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले.

अठ्ठ्याहत्तर साली, सहा वर्षं नंबर लावून, गुरुजीला स्कूटर मिळाली. पोपटी रंगाची. निवृत्तीनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मागं बांधलेल्या जादा चाकापाशी तो थांबला. पंक्चर झालं की चाक बदलायचं, पुढं निघायचं. म्हणजे हिला पायरी चढायची गरजच नाही. त्याच्या पोटात जे पेटलं ते विझेना.

"आईचा मोतीबिंदू काढलाय," गुरुजी म्हणाला. "दर आठ दिवसांनी नाशकाला डोळा दाखवायचाय. हिच्यावर नेऊ का? चाकाचं तुला कळतं."

"चाकं बघ, भाकरीएवढी. इंजिन एका अंगाला. खडीवर घसरली तर म्हातारीनं काय धरायचं?"

चार माणसांत बोलला. चाकाच्या बाबतीत त्याचा शब्द गावात कुणी मोडत नसे. गुरुजीनं आईला एसटीनं नेलं. स्कूटर ओट्यावर गोणपाटाखाली उभी राहिली आणि निवृत्तीला दोन घास जास्त गेले.

तिसऱ्या खेपेला गुरुजीची आई, अक्काबाई, स्टँडवर उतरली ती डोळा दाबून. गर्दीत कुणाची तरी ट्रंक पट्टीवर लागली होती. ती दुकानाच्या पायरीवर टेकली.

"निवृत्ती, गाडी खरंच वाईट हाय का रे?"

पाण्यातल्या ट्यूबमधून बुडबुडे निघत होते. त्यानं भोकावर बोट ठेवलं.

"माझंच मन वाईट हाय, अक्का."

"ते मला म्हाईत हाय. मी गाडीचं इचारते."

संध्याकाळी त्यानं गोणपाट काढलं, नटबोल्ट आवळले, ब्रेक दाबून पाहिले. मग गुरुजीमागं बसून पिंपळसपर्यंत जाऊन आला. खडीवरही गेला. येताना द्राक्षबागांचा गार वारा अंगावर घेत, इतकं सुख एकट्या धोंड्यालाच का, म्हणून पुन्हा जळला.

"काय ठरलं?" गुरुजीनं विचारलं.

"अक्काला बसव. सावकाश ने." निवृत्तीनं जादा चाक अंगठ्यानं दाबलं. "पण हवा दर रविवारी माझ्याकडंच बघायची. याचीसुद्धा."

"ते तर नुसतं बसून असतं की."

"मग तूही येऊन बस."