मरतानाचं गाणं

सासूबाई गेल्या त्या उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे जर्मनीत, कोलोनला राहायला आले. दिवसभर बाल्कनीत बसून असायचे, विचारलं तेवढंच बोलायचे. त्यांना गाण्याची आवड म्हणून माझ्या नवऱ्याने क्सांटनच्या जुन्या रोमन अँफिथिएटरमधल्या ऑपेराची तिकिटं काढली.

लोक दगडी पायऱ्यांवर बसायला घरून उशा घेऊन आले होते. आम्हाला ते ठाऊकच नव्हतं. शेजारच्या जर्मन आजींनी बाबांना आपली उशी दिली. बाबांनी हात जोडले. इथे पूर्वी माणसं आणि जनावरं झुंजायची, असं नवरा सांगत होता. बाबा नुसती मान हलवत होते.

शेवटच्या अंकात नायिका मरायला टेकली आणि गाऊ लागली. आपल्या नवऱ्याचा हात धरून गातच राहिली.

"किती बोलतेय ही," बाबा पुटपुटले.

मला वाटलं, कंटाळले. "निघायचं का, बाबा?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिच्या घशात नळी होती. काहीतरी सांगायचं होतं हिला. माझ्या तळहातावर बोटाने लिहायची. मला एक अक्षर कळलं नाही."

'ही' म्हणजे सासूबाई, हे कळायला मला एक क्षण लागला. माझा नवरा बाबांकडे वळला. तो फ्रँकफर्टहून विमानाने निघून साताऱ्याला घरी पोचला तेव्हा त्या गेल्या होत्या.

"तुम्ही तर म्हणाला होतात, आई झोपेतच गेली."

"मग काय सांगणार होतो? तू पोचला नाहीस म्हणून आधीच रडत होतास."

मागून कोणीतरी श्श केलं. आम्ही उठलो आणि बाहेर कमानीखाली येऊन थांबलो. गाणं तिथेही ऐकू येत होतं. नवऱ्याने हात पुढे केला. "कसं लिहायची, दाखवा ना."

बाबांनी त्याचा हात धरला. तळव्यावर बोट टेकवलं, एक रेघ ओढली, थांबले, पुन्हा ओढली.

"नाही रे," ते म्हणाले. "आता तेवढंही आठवत नाही."

नवरा तिथेच भिंतीला टेकून रडला. आईला पोचवून आला तेव्हाही तो असा रडला नव्हता. बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी जरा बाजूला जाऊन उभी राहिले.

पुढच्या महिन्यात बाबा साताऱ्याला परत गेले, एकटेच राहतात. फोनवर बापलेक हवापाण्याचं बोलतात, जेवणाचं बोलतात. सासूबाईंचा विषय दोघंही काढत नाहीत.