पाळकसाहेबांनी सुधारलेला शब्द

१. नोकरीसाठी मी महाडला आले. कारखान्यातली दाब आणि तापमान मोजणारी यंत्रे तपासणे हे माझे काम.
२. इथल्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेला जाऊ लागले.
३. एका रविवारी मंडळीतल्या मार्थाकाकूंनी माझ्यासाठी देवाकडे चांगला नवरा मागायला सांगितले. पाळकसाहेबांनी तशी प्रार्थना केली.
४. उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना सांगितले, की ही विनंती मागे घ्यावी. मला जोडीदार आहे. तिचे नाव मीनल. ती पोलादपूरला शाळेत शिकवते.

आज पंचाहत्तर वर्षांचे होणारे आपले पाळकसाहेब, आदरणीय दानिएल साळवी, यांची माझी ओळख अशी झाली. त्या दिवशी ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "केलेली प्रार्थना मागे कशी घेतात, ते मला शिकवलेलं नाही. आणि तुझं हे मला नीट कळतही नाही. थोडा वेळ देशील?" कळल्याचे सोंग त्यांनी केले नाही, म्हणून मी पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

तो वेळ साहेबांनी वाचनात आणि आमच्याकडे येण्यात घालवला. मीनलच्या हातची नाचणीची भाकरी खात ते तिला शाळेबद्दल विचारत, मला बायबलमधल्या वचनांबद्दल. प्रभुभोजनाच्या वेळी मेजाशी जाऊन भाकर आणि द्राक्षारस घ्यायला मी उठत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते.

"अपात्रपणे घेऊ नये, असं लिहिलंय," मी म्हणाले.

"पात्र व्हायची वाट बघितली असती, तर मी आजवर उपाशी असतो."

ख्रिस्ती असणे आणि अशी असणे यांतले एकच खरे असू शकते, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. साहेबांनी दोन्ही खरे धरले. त्यानंतर मी उठू लागले.

नाताळात त्यांनी भर उपासनेत प्रार्थना केली ती "ही आणि हिची जोडीदारीण" यांच्यासाठी. बाहेर आल्यावर मार्थाकाकूंनी विचारले, "जोडीदारीण म्हंजे कामावरची काय हो?"

"नाय गो मार्था, घरची."

"अगो बाई! मग मी मागितलेला नवरा?"

"तो तुझ्या भाचीला लागू होईल."

काकू अजून हसतात. सगळे हसले नाहीत. काहींनी साहेबांना बजावले, की अशाने उद्या कोणीही मेजाशी येईल. साहेब म्हणाले, "मेज प्रभूचं आहे. मी वाढपी." तेव्हापासून दोन कुटुंबे आमच्या बाकावर बसत नाहीत.

साहेबांच्या गुडघ्यांना बळ मिळो, आणि लांबलचक उपदेश करण्याइतका दम त्यांच्यात अजून पुष्कळ वर्षे राहो.

मीनलने आणि मी पोलादपूरला घर घेतले आहे. ईस्टरनंतरच्या शनिवारी साहेब तिथे नव्या घरासाठी देवाचे आभार मानणारी उपकारस्तुतीची प्रार्थना करणार आहेत. स्वयंपाक आम्ही दोघी करू. आमंत्रण सगळ्या मंडळीला आहे, त्या दोन कुटुंबांनाही. कृपया ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारपर्यंत कळवावे. येणार नसाल, तरी तसे कळवावे.