तीन वेळा भूमिपूजन झालेला पूल

काही माणसं केवळ जगत नाहीत, ती आपल्या गावाला पैलतीरी नेतात. हे वाक्य माझं आहे. एका माणसाच्या मानपत्रासाठी मी ते लिहिलं, आणि तेच मानपत्र थोडा फेरफार करून पुढं आणखी तीनदा त्याच माणसाला दिलं गेलं. चारही वेळा या वाक्याला टाळ्या पडल्या. चारही वेळा त्याचा पक्ष वेगळा होता.

तो माझा विद्यार्थी. वर्गात त्याला नावानं हाक मारलेली मला आठवते, पण नंतर ते नाव कुणी वापरलं नाही. देवगाव फाट्याजवळ त्यानं पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं, दुकान टाकलं तेव्हा तो मेस्त्री झाला. सोसायटीचा चेअरमन झाला तेव्हा भाऊ. सरपंच आणि मग पंचायत समितीचा सभापती झाला तेव्हा दादा, आणि जिल्हा परिषदेत गेला त्या दिवसापासून साहेब. मध्ये एकदा तो विधानसभेला पडला. पण पडलेल्या माणसाला परत दादा म्हणायची पद्धत आपल्याकडं नाही, म्हणून साहेब तसाच राहिला.

मेस्त्री म्हणून तो उत्तम होता, हे मात्र मानपत्राबाहेर लिहितो. विहिरीवरून काढून आणलेली मोटार तो उघडायच्या आधी नाकाजवळ न्यायचा आणि आत काय जळालंय ते सांगायचा. हे कसब राजकारणातही उपयोगी पडलं. पक्षात काही जळायला लागलं की पहिला वास त्याला यायचा. मग तो पोखर्णीला जाऊन नृसिंहापुढं नारळ फोडायचा आणि विकासासाठी दुसरीकडं जायचा. बरोबर गाड्या त्याच असायच्या, फक्त काचेवरचं चिन्ह खरवडलेलं असायचं.

कॅमेरा असला की तो माझ्या पाया पडतो. नसला की लांबूनच हात वर करतो. मला त्याचं काही नाही, उलट वाकताना त्याचं पोट मध्ये येतं ते बघवत नाही.

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. अक्षर वळणदार, म्हणून पंचक्रोशीतली मानपत्रं माझ्याकडं येतात. या लेखनाची एक रीत आहे. भूमिपूजन झालं की काम झालं असं धरून लिहायचं. चौकट भिंतीवर वर्षानुवर्षं राहणार, तोवर काम होईलच, असा त्यामागचा भाबडा विचार. त्या रीतीला धरून मी एकदा लिहिलं होतं, 'ओढ्यावर भव्य पूल उभारून आपण पलीकडच्या वस्तीचा वनवास संपवलात.' वनवास या शब्दावर मी तेव्हा फार खूश होतो. पुढं ते मानपत्र साहेबांच्या गौरव स्मरणिकेतही छापून आलं.

ओढा गावाच्या पूर्वेला आहे. पलीकडं बौद्ध कुटुंबांची आणि दोन-चार इतरांची वस्ती. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ओढ्याला गुडघाभर तरी पाणी असतं, आणि ओढ लय असते. अंगणवाडी गावात. म्हणजे तीन-चार वर्षांची लेकरं आयांच्या खांद्यावर बसून खिचडी खायला यायची, आणि ज्या दिवशी आई कापूस वेचायला गेली त्या दिवशी यायची नाहीत.

त्या अंगणवाडीची सेविका वस्तीतच राहते. तीही माझीच विद्यार्थिनी. ती पाया पडत नाही, जय भीम सर म्हणते आणि कामाचं बोलते. गेल्या पावसाळ्यात ती सकाळीच माझ्या ओसरीवर आली, पायाला चिखल तसाच.

"सर, तुमी पूल बांधला म्हणं."

"मी?"

"तुमीच. वाचा की."

तिनं वस्तीसाठी मिनी अंगणवाडी मागितली होती. त्या अर्जाला तालुक्याच्या कार्यालयाचं उत्तर आलं होतं. सदर वस्ती पुलाने गावास जोडलेली असल्याने स्वतंत्र अंगणवाडीची आवश्यकता दिसून येत नाही. आधार म्हणून खाली लिहिलं होतं, गौरव स्मरणिका, पान सात.

पान सात माझं होतं.

"उद्यापासून लेकरं त्या पानावरून आणू का?" ती म्हणाली. हसली नाही. मी चहा घे म्हणालो, तर म्हणाली, "चहा नगं सर. कागद पाहिजे."

मी तालुक्याला गेलो. तिथल्या बाबूनं फाइल काढून दाखवली. खरंच माझं पान त्यात टोचलेलं होतं, वनवासासकट.

"तुम्ही जागा पाहायला गेला नाहीत?" मी विचारलं.

"गेलतो ना सर. पण ओढ्याला पाणी होतं. पलीकडं जाता आलं न्हाई."

"मग?"

"मग छापील आधार घेतला. तुमचं लिखाण हाय म्हणल्यावर शंका कामून घ्यायची?"

तो थट्टा करत नव्हता. पूल नसल्यामुळं त्याला पूल आहे की नाही ते पाहता आलं नव्हतं, आणि यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. माझं डोकं तापलं. एसटीत बसल्यावरही ते निवलं नाही, कारण रागवायला समोर तो बाबू नव्हता, खिडकीच्या काचेत मीच होतो. चाळीस वर्षं पोरांच्या निबंधात मी 'अतिशयोक्ती टाळा' असं लाल शाईनं लिहिलं. आणि माझ्या एका फुलोऱ्यापायी लेकरांची खिचडी अडली.

संध्याकाळी साहेबांकडं गेलो. बैठकीच्या भिंतीवर माझ्याच अक्षरातल्या चार चौकटी. कॅमेरा नव्हता, तरी त्यानं खुर्ची पुढं केली.

"पूल कुठंय?" मी विचारलं.

"मंजूर हाय सर."

"ओढ्यावर भूमिपूजनाचे तीन दगड आहेत. तिन्हींवर तुझं नाव आहे."

"पहिल्या टायमाला सरकार गेलं. दुसऱ्या टायमाला मीच पक्ष सोडला. तिसऱ्या टायमाला तर मी भाषणात सांगितलं, मागच्या लोकप्रतिनिधीनं काहीच केलं न्हाई म्हणून."

"मागचा कोण?"

"मीच की," तो म्हणाला. जरा विचार करून म्हणाला, "पण लोकाईच्या ध्यानात न्हाई आलं."

पूल झालेला नाही, एवढं एका ओळीत लिहून दे, असं मी म्हणालो. तो कळवळला. "सर, साठीचा कार्यक्रम तोंडावर हाय. आता असं कसं लिहून द्यायचं? उलट मानपत्र तुमालाच लिहायचंय."

मी हो म्हणालो. त्याला बरं वाटलं.

कार्यक्रम फाट्यावर झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी त्याचेच फलक होते, काहींवर तो सध्याच्या वयाचा आणि काहींवर दुकान टाकलं तेव्हाचा. मानपत्र लिहिणाऱ्यानंच ते वाचायचं असतं, आणि सत्कारमूर्तीनं फेटा, शाल सांभाळत उभं राहायचं असतं. मी वाचू लागलो. मोटारीचा वास घेण्याचं कसब लिहिलं होतं, ते त्याला आवडलं. मग वाचलं, "वस्तीच्या पुलाचं आपण तीन वेळा भूमिपूजन केलं. पूल आजतागायत झालेला नाही. लेकरं अजून आयांच्या खांद्यावरून ओढा ओलांडतात."

मी थांबलो. टाळ्या पडल्या.

मानपत्रात वाचणारा थांबला की टाळ्या वाजवायच्या असतात, एवढंच मंडपाला माहीत होतं. साहेबांनी हात जोडले. व्यासपीठावरच्या एकानं "वा" सुद्धा म्हटलं. आयुष्यात इतकं खरं मी कधी वाचलं नव्हतं आणि इतकं फुकट कधी गेलं नव्हतं. बायकांच्या पहिल्या रांगेत सेविका बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. वाचन संपून चौकट साहेबांच्या हातात गेली तेव्हा मोबाइल धरून ती पुढं आली आणि चौकटीसकट त्यांचा फोटो काढला, अक्षरं वाचता येतील एवढ्या जवळून.

तो फोटो तिनं नव्या अर्जाला जोडला. कार्यालयानं कळवलं की दोन्ही मानपत्रं एकाच लेखकाची असून परस्परविरोधी आहेत, सबब प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल. बाबूनं तोंडी विचारलं, ओढ्याला पाणी हाय का? ती म्हणाली, हाय, पण या, पाय ठेवायची सोय करते.

आदल्या रविवारी वस्तीच्या लोकांनी पहारी लावून ते तिन्ही दगड उपटले. ओढ्याच्या अरुंद जागी खाली गोटे रचले आणि वर एकेक दगड टाकला. सोमवारी बाबू आला. मीही काठावर होतो. पहिल्या दगडावर तो नीट उभा राहिला. मधल्यावर पाय ठेवला आणि कमरेपर्यंत ओढ्यात बसला. लोकांनी धरून त्याला पलीकडं नेलं. सेविकेनं चहा दिला, अंग पुसायला टॉवेल दिला आणि लिहायला कोरडा कागद दिला. त्यानं तिथंच बसून लिहिलं, पूल अस्तित्वात नाही.

मिनी अंगणवाडी मंजूर झाली. वस्तीतल्या समाजमंदिरात भरते. उद्घाटनाला साहेब येणार होते, पण ओढ्याला पाणी होतं.

परवा मी तिकडं गेलो. दगडांवरून जाताना भीत भीत पाय टाकत होतो. सेविका पलीकडून म्हणाली, "या सर, बिनघोर या. मधला दगड उलटा करून टाकलाय आता."

"म्हणजे त्या दिवशी?"

"त्या दिवशी गुळगुळीत बाजू वर होती."

तिन्ही दगडांची कोरलेली बाजू आता वर आहे. अक्षरांमुळं ओल्या पायाला पकड मिळते, आणि मोठी पोरं शाळेला त्यावरूनच येतात. मधल्या दगडावर साहेबांचं नाव सगळ्यांत मोठ्या अक्षरांत आहे. तिथं अजून कुणी घसरलेलं नाही.